सेन्योरा लाऊंचा कुकर

रिओ अबाहो वस्तीतल्या एनेइदाच्या पार्लरमध्ये टीव्ही होता. त्या नोव्हेंबरात बायका केसांसाठी कमी आणि बर्लिनची भिंत बघायला जास्त येत. तिकडे अनोळखी माणसं हातोड्यांनी भिंत फोडत होती, गळ्यात पडून रडत होती, आणि इकडे पनामात एनेइदा कात्री थांबवून डोळे पुसत होती. माणसांनी मनात आणलं की ती अशी मोठी होतात, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी. शेजारची ओब्दुलिया हसायची. आपल्या उरावर जनरल बसलाय तोवर दुसऱ्यांच्याच भिंती बघत बस, म्हणायची.

डिसेंबरात त्या जनरलला धरायला अमेरिकेची विमानं आली. एल चोरियो वस्ती जळून गेली. रस्त्यावर एकही पोलीस उरला नाही, आणि लोक दुकानं फोडायला लागले.

ओब्दुलियानं हाक मारली तेव्हा एनेइदा नुसतं बघायला म्हणून निघाली. गर्दी लाऊ या चिनी कुटुंबाच्या भांड्यांच्या दुकानापाशी होती. सेन्योरा लाऊ, म्हणजे लाऊबाई, तिचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. एनेइदाचा नवरा वारला तेव्हा याच बाई दुकान बंद ठेवून दिवसभर तिच्याजवळ बसल्या होत्या. आता त्यांचं शटर पहारीनं उचकटलेलं होतं आणि माणसं आतून पंखे, पातेली, इस्त्र्या घेऊन बाहेर पडत होती. शाळेतले मास्तर होते, चर्चमध्ये गाणाऱ्या बायकाही होत्या. आपण आत कधी शिरलो ते एनेइदाला कळलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या कवेत प्रेशर कुकरचं खोकं होतं. घरी चांगला कुकर असताना.

रस्ता ओलांडताना तिनं वर पाहिलं. दुकानावरच्या माडीच्या खिडकीत सेन्योरा लाऊ उभ्या होत्या. एनेइदानं मान खाली घातली आणि ती पळाली.

खोकं तिनं पलंगाखाली ढकललं. नाताळात टीव्हीवर रुमानिया दिसत होता, तिथल्या हुकूमशहाला गोळ्या घातल्या होत्या. बायका तावातावानं बोलत होत्या. एनेइदानं आवाज बारीक केला. जानेवारीत जनरल शरण गेला, रस्त्यात लोक नाचले. ती घरातून बाहेर पडली नाही.

चिनी नववर्षाच्या आदल्या आठवड्यात सेन्योरा लाऊ नेहमीसारख्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मान मागे टाकली. एनेइदा त्यांचे केस धुऊ लागली.

"सेन्योरा, त्या दिवशी दुकानात मी होते," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुम्ही वर बघितलंत."

"कुकर तसाच आहे. खोकंसुद्धा उघडलं नाही. आज संध्याकाळी आणून देते."

सेन्योरा लाऊंनी डोळे उघडले नाहीत. "आणू नका. ह्यांनी विचारलं, कोण कोण होतं? मी सांगितलं, ओळखीचं कुणी नव्हतं. तुम्ही कुकर घेऊन आलात तर मी नवऱ्याशी खोटं बोलले असं होईल." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुमचं नाव तोंडातून निघेना हो. पाणी जरा कोमट करा."

एनेइदानं पाणी कोमट केलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तो कुकर घरात ठेववेना आणि फेकून द्यायचा धीर होईना. शेवटी रविवारी ती आल्ब्रुकच्या विमानतळावर गेली. तिथल्या मोठ्या शेडमध्ये चोरियोतली घरं जळालेली कुटुंबं पडदे लावून राहत होती. पहिल्याच पडद्यापाशी एक म्हातारी बाई डब्यात तांदूळ शिजवत होती. एनेइदानं खोकं तिच्यापुढे ठेवलं.

म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरले. "सगळं शहर लुटत सुटलं होतं, पोरी, आणि तुझ्यासारखीही माणसं आहेत. नाव सांग, प्रार्थनेत घेते."

"लाऊबाईंचं घ्या," एनेइदा म्हणाली. "कुकर त्यांचा आहे."

"त्या कोण तुझ्या?"

मैत्रीण हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला, पण उच्चारायची तिला लाज वाटली.

"ओळखीच्या आहेत," ती म्हणाली, आणि म्हातारीच्या हातांतून आपले हात हळूच सोडवून घेतले.