कावळा नसलेल्या किनाऱ्यावर

दहाव्याच्या पिंडाला कावळा लागतो आणि हवाईतल्या काउआई बेटावर कावळे नाहीत, हे माझ्या धाकट्या भावाला, प्रसादला, टेक्सासमधल्या फ्रिस्कोला परत गेल्यावर सुचलं.

"ताई, तू आईच्या अस्थी घेऊन इकडे ये," तो फोनवर म्हणाला. "इथे पार्किंग लॉटमध्येसुद्धा ढीगभर कावळे आहेत."

"ते ग्रॅकल आहेत, कावळे नव्हेत."

"काळे आहेत ना? आणि येण्याआधी घराचे पेपर्स साइन करून टाक."

आईचं घर शेजारच्या हॉटेलला हवं होतं. वाढत वाढत हॉटेल आमच्या कुंपणाला येऊन टेकलं होतं. आमच्या अंगणातून, अळूच्या वाफ्याला लागून, समुद्राकडे वाट जाते. वीस वर्षं गावातली माणसं जाळी आणि पोरंबाळं घेऊन तिथूनच किनाऱ्यावर उतरत होती. दुसरा रस्ता हॉटेलमागून, मैलभर वळशाचा. आईने कधी कुणाला अडवलं नाही. अंत्यसंस्कारानंतर दुसऱ्याच दिवशी प्रसादने त्या वाटेवर फाटक बसवून कुलूप घातलं. "कुणी पडलं तर आपली लायबिलिटी असते यार," म्हणाला.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून चार दिवसांसाठी आले होते. दहाव्या दिवशीही तिथेच होते.

सकाळी शेजारच्या कलेई आंटी लाउलाउ घेऊन आल्या. अळूच्या पानांत एरवी डुकराचं मांस बांधून वाफवतात. आईसाठी त्या रताळं घालायच्या, आजही तेच घातलं होतं. आईने त्यांना अळूवडी शिकवली होती. त्यांनी आईला अळूचे कांदे उकडून, कुटून केलेली पोई खायला घातली, तर आईने तिच्यात मेतकूट कालवलं. ते आंटींनी अजून माफ केलेलं नाही.

मी कुलूप काढलं आणि आम्ही खाली गेलो. पाण्याजवळ हॉटेलच्या आरामखुर्च्यांची रांग होती. मधल्या जागेत केळीच्या पानावर मी भाताचे पिंड ठेवले, शेजारी लाउलाउ. हॉटेलचा तरुण कर्मचारी धावत आला.

"मॅम, ही जागा गेस्टसाठी आहे."

"लाटा पोचतात तिथपर्यंतची वाळू सगळ्यांची आहे. खुर्च्या तुम्ही मागे घ्या."

त्याने आंटींकडे पाहिलं.

"तुझी आजी इथेच खेकडे पकडायची," आंटी शांतपणे म्हणाल्या. "तिला काय सांगू?"

त्याने दोन खुर्च्या मागे ओढल्या. मग तिसरीही.

प्रसाद व्हिडिओवर होता. आम्ही थांबलो. कावळा येणार नव्हताच. आला तो कोंबडा. या बेटावर ते मोकाट फिरतात, पण हा फाटक्या तुऱ्याचा मी ओळखत होते. आईने वर्षानुवर्षं त्याला पाइपाने पाणी मारून अळूतून हाकललं होतं. त्याने एक पिंड फोडला, मग लाउलाउ.

"हाकल ना त्याला," प्रसाद म्हणाला. "आईच्या पिंडाला कोंबडा? हा मोजायचा नाही."

"तुझे ग्रॅकल मोजणार होतास."

"तिचं काहीतरी राहिलं असेल, ताई. ते बोल, मग नीट होईल."

"कोंबड्याला तसं काही वाटत नाहीये. पण बोलते. मी घरावर सही करणार नाही. वाट उघडी राहील. हे आईला सांगतेय, तू नुसता लाइनवर आहेस."

"आणि राहणार कोण तिथे?"

"मी."

तोपर्यंत मी हे ठरवलेलं नव्हतं. कर्मचारी ऐकत उभा होता, म्हणून इंग्रजीत पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.

प्रसाद स्क्रीनच्या जवळ आला. मग म्हणाला, "तिने शेवटी काही खाल्लं होतं का गं?"

"पोई. मेतकूट घालून."

त्याने फोन ठेवला नाही. कोंबड्याचं खाऊन होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

परत आल्यावर मी स्क्रूड्रायव्हर घेतला. बिजागऱ्या नव्या होत्या, लवकर निघाल्या. आंटींनी एका बाजूने फाटक धरलं, मी दुसऱ्या बाजूने, आणि ते आम्ही वाफ्यातल्या चिखलावर आडवं टाकलं. आता त्यावर उभं राहून, पाय न भिजवता, अळू खुडता येतो.