अकरा मोटारी, एक डीपी

वडवणीच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक वाडी लागते. तिथं अकरा शेतांना मिळून विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच, आणि तिचा राग जमदग्नीचा. प्रत्येकानं आपापल्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीत ऑटो बसवलेला. लाइट आली की शेतात पळायला नको, मोटार आपली आपण चालू. त्यामुळं लाइट आली रे आली की अकराही मोटारी एकदम उठायच्या, डीपी फटकन उडायची, आणि सगळे मिळून वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

त्यात सगळ्यात मोठा आवाज रुक्मिणीबाईचा. तिला कारणही तसंच होतं. तिच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या अगदी कोष विणायच्या बेतात आल्या होत्या. असल्या उन्हात शेडच्या छतावर पाण्याचा फवारा राहिला नाही, तर अळ्यांनी माना टाकल्याच म्हणून समजा. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तुतीचा पाला तोडण्यापासून सगळं तिनं एकटीनं ओढलेलं, आणि या अळ्यांवर तिचा पोरांसारखा जीव होता.

शेवटी मारुतीच्या पारावर बैठक बसली. नुसत्या शब्दाला वाडीत कोण विचारतो, म्हणून बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायचं ठरलं. सामाईक विहिरीवर बापजाद्यांनी जशी पाळी सांभाळली, तशीच डीपीवर सांभाळायची, ऑटो आजच काढायचे. रुक्मिणीबाईनंही भंडारा उचलला. घरी जाताना मात्र तिच्या मनात आलं, दहा जण काढणारच आहेत, आपल्या एकटीच्या ऑटोनं काय डीपी जळते? देवालाही अळ्यांचा जीव कळतोच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट आली, आणि डीपी फट!

सगळे डीपीखाली गोळा झाले. रुक्मिणीबाईनं पदर खोचला आणि थेट चुलत दिराला, शहादेवला धरलं. त्याचा ऊस सगळ्यांत मोठा.

"भावजी, तुमचाच ऑटो! उसाची हाव सुटंना तुमाला. भंडाऱ्याची तरी लाज धरायची!"

शहादेवनं तंबाखू मळता मळता तिच्याकडं पाहिलं. "असंल, वैनी," एवढंच म्हणाला. बाकीचे असे खाली माना घालून उभे होते, की शहाण्यानं काय ते समजावं.

डीपी दुरुस्त करायला तेजश्री नावाची तरुण इंजिनियर आली. तिनं तारेवर एक डबी बसवली. "ऊन तापलं, वारा पडला की तार तापते. तेव्हा तिच्यावर भार कमी टाकायचा. वारा सुटला की तार निवते, मग जास्त मोटारी चालतील. किती, ते तुमच्या मोबाइलवर येईल. आता सांगा, कुणाचं पाणी थोडं थांबू शकतं?"

"आमचं न्हाई थांबत!" अकरा जण एका सुरात म्हणाले. तेजश्रीनं कपाळाला हात लावला. मग पाळीच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि रुक्मिणीबाईची नेमकी संध्याकाळ निघाली. तिनं बटण बंद ठेवलं, पण ऑटो काही काढला नाही. म्हटलं, वेळ काय सांगून येते?

वेळ तिसऱ्या दिवशी भर दुपारी आली. झाडाचं पान हलत नव्हतं. मोबाइलवर आकडा आला, चार. चार मोटारी चालूच होत्या, त्यात एक शहादेवची. इकडं अळ्यांनी पाला खायचा थांबवला. रुक्मिणीबाईचा हात बटणापर्यंत गेला आणि थांबला. पाचवी मोटार उठली तर डीपी जाणार, म्हणजे फवाराही जाणार. ती बांधावरून पळत सुटली.

शहादेव लिंबाखाली बसला होता. "भावजी..." त्या दिवशी एवढं बोलून बसल्यावर कुठल्या तोंडानं मागणार?

तो उठला आणि त्यानं स्वतःची मोटार बंद केली. "जावा वैनी, फवारा सोडा. ऊस काय उठून पळत न्हाई. अळीला थांब म्हनता येतंय व्हय?"

संध्याकाळी अळ्या पुन्हा पाल्यावर तुटून पडल्या. वारा सुटला, आकडा आठवर गेला. शहादेव बाजाराला गेलेला आणि त्याचा ऊस तहानलेला. त्याची मोटार आपणच चालू करावी, म्हणून रुक्मिणीबाईनं त्याची पेटी उघडली. आत ऑटोची जागा रिकामी होती. काढलेला ऑटो तळाशी पडला होता, आणि त्यावर पिवळा भंडारा अजून चिकटलेला. पारावरून उठून तो तसाच इथं आला असणार. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं मोटार चालू केली. मग घरी जाऊन पेचकस आणला, स्वतःचा ऑटो काढला आणि त्याच्या पेटीत आणून ठेवत होती, तोवर शहादेव पिशवी घेऊन दत्त म्हणून उभा.

"ह्यो माझा, भावजी," ती म्हणाली. "त्या दिवशी मीबी काढला नव्हता."

"ठाव हाय. डीपी उडायच्या आदी तुमचाच फवारा पयला उडालता. बगितला की मी."

"मंग तवाच बोलला कावून न्हाईत?"

"तुमी बोलत व्हता ना, वैनी," शहादेव म्हणाला. "तुमची पाळी व्हती."