ठिकाण क्रमांक नऊ

नकाशावाला आणि त्याचा बाप एकाच घरात राहून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांमधलं टपाल सूनबाई वाहत होती. "त्याला सांग, न्हाणीतला नळ गळतोय." "त्यांना सांग, मला ऐकू येतं." दोघांमध्ये अंतर किती, तर पाच हात. सूनबाईचा प्रत्येक घास निरोपासकट पोटात जायचा.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. म्हातारा पाट्या रंगवणारा. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात गेला आणि तेवढ्यात मुलाने पुढच्या खोलीतलं त्याचं रंगाने बरबटलेलं टेबल भंगारवाल्याला देऊन टाकलं. म्हातारा घरी आला, उंबऱ्यातूनच म्हणाला, "माझं टेबल कुठंय?" मुलाने फोनमधून मान वर न करता विचारलं, "कोणतं टेबल?"

टेबल गेल्याचं म्हाताऱ्याने एक वेळ गिळलं असतं. तो प्रश्न काही त्याच्या घशाखाली उतरला नाही. आणि मुलाचं म्हणाल, तर आपण शेण खाल्लं हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. पण माफी मागायला आधी बोलणं सुरू व्हायला हवं, आणि बोलणं सुरू व्हायला आधी माफी मागायला हवी. शहाण्या माणसाने असल्या वेळी मुकाट पाय धरावेत. नकाशावाला शहाणा नव्हता, सरकारी नोकर होता.

नोकरी पर्यटन कचेरीत. दर वर्षी शहराचा नकाशा काढायचा, त्यावर संग्रहालय, मत्स्यालय, जुना पूल, मुलांची बाग वगैरे प्रेक्षणीय स्थळांचे लाल ठिपके द्यायचे. त्याची एक खोड होती, तीही बापाकडूनच आलेली. म्हातारा नवी पाटी घेतली की कोपऱ्यात आधी एक ठिपका टेकवायचा, रंग कसा बसतो ते बघायला, आणि मग पुसायचा. नकाशावाला तसाच पहिला ठिपका स्वतःच्या घरावर ठेवायचा आणि शेवटी काढून टाकायचा. यंदा काढायचा राहिला.

पुढचं काम उपसाहेबांचं. त्यांना ठिपका दिसला, शेजारी मजकूर दिसला नाही. विचारायला उठावं लागलं असतं, म्हणून त्यांनी बसल्या जागी लिहिलं : 'क्रमांक नऊ. कुटुंबासह अवश्य पाहावे. लहान मुलांना विशेष आवडते. वेळ दहा ते पाच, सोमवारी बंद.' चाळीस हजार प्रती छापून वाटल्या गेल्या.

पहिलं कुटुंब मंगळवारी दहा वाजून दोन मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आलं. नवरा, बायको, दोन पोरं आणि एक आत्या. सूनबाईने दार उघडलं तर आत्याने विचारलं, "चपला बाहेर काढायच्या ना?"

नकाशावाल्याने साहेबांपुढे चूक कबूल केली. साहेबांनी नकाशा पुढे ओढला.

"चाळीस हजार ठिपके परत आणता येतील का?"

"नाही, साहेब."

"मग घर पाहण्यासारखं करा," साहेब म्हणाले. "वर्षभराचा तर प्रश्न आहे."

आता तीन खोल्यांच्या घरात पाहण्यासारखं काय असणार? पहिल्या आठवड्यात लोकांनी वाळत घातलेले कपडे पाहिले, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. एका गृहस्थांनी न्हाणीतल्या गळक्या नळाचे फोटो काढले आणि हे मूळचंच आहे का असं विचारलं. सूनबाई मेटाकुटीला आली. नकाशावाल्याचं बरं होतं, दहा ते पाच तो कचेरीत.

मग एके दिवशी एका चिमुरडीने पुढच्या खोलीत जमिनीवर बोट दाखवून विचारलं, "हे खड्डे कसले?"

फरशीवर चार खळगे होते, टेबलाच्या चार पायांचे. आतल्या खोलीतून म्हातारा उठून आला.

"इथे माझं टेबल होतं," तो म्हणाला.

"कोणतं टेबल?" पोरीने विचारलं.

दोन वर्षं तुंबलेलं पाणी ते. म्हातारा पाऊण तास बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला. आठवडाभरात खळग्यांभोवती खडूची चौकट आली. पोरं पाळीपाळीने चारही खळग्यांत टाचा रोवून बघू लागली, मोठी माणसं नसलेल्या टेबलाला हात न लावता त्याच्याभोवती फिरू लागली. गर्दी इतकी वाढली की मत्स्यालयाने तक्रार केली, आमचे मासे आहेत तरी लोक तिकडे जातात. अभिप्रायाच्या वहीत कुणी लिहिलं : 'टेबल फार सुंदर आहे.'

"ते सांगतात तरी काय एवढं?" नकाशावाल्याने बायकोला विचारलं.

"जाऊन ऐका," ती म्हणाली. "एवढा निरोप मी पोचवणार नाही."

पण त्याची वेळ कचेरीची, तिथली सुट्टीही सोमवारीच, आणि सोमवारी म्हातारा दार लावून घ्यायचा. सुट्टी म्हणजे सुट्टी.

वर्ष सरलं, नवा नकाशा आला. साहेबांनी स्वतः भिंग घेऊन क्रमांक नऊ गेल्याची खात्री करून घेतली. बुधवारी दुपारी सूनबाईचा कचेरीत फोन आला. म्हातारा काल सकाळी दहापासून इस्त्रीच्या सदऱ्यात बसला होता, आजही बसलाय. कुणी आलं नाही. जेवलाही नाही. "पुन्हा गप्प झाले तर मला माहेरी पाठवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला.

नकाशावाल्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साडेचारला तो स्वतःच्या दारापुढे उभा होता, हातात जुना नकाशा. किल्ली खिशात असून त्याने घंटा वाजवली. आयुष्यात इतकी भीती त्याला नोकरीच्या मुलाखतीतही वाटली नव्हती.

"कोण आहे?" आतून म्हाताऱ्याने विचारलं.

दारात सूनबाई थबकली. नवऱ्याकडे बघितलं, नकाशाकडे बघितलं. "पाहुणे आहेत," ती म्हणाली. "एकच आहेत."

"चपला बाहेर काढा. आत या."

म्हाताऱ्याने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "नकाशा जुना दिसतो तुमचा."

"हो. नव्यात हे ठिकाण नाही."

"चुका करतात लेकाचे," म्हातारा म्हणाला. मग उठला, चौकटीपाशी गेला आणि रोजच्या सुरात म्हणाला, "इथे माझं टेबल होतं." आणि थांबला. इथे तो नेहमीच थांबायचा.

 तोंड चुकवायला नकाशावाल्याच्या हातात आता फोनही नव्हता.

"कोणतं टेबल?" त्याने विचारलं.

म्हातारा हळूच खाली बसला आणि एका खळग्यावर हात ठेवला. "सागवानी. हा पाय आखूड होता, खाली पुठ्ठा घालायचो. दिवसभर मी वर पाट्या रंगवायचो आणि खाली पोरगं झोपायचं. दुसरीकडे झोपायचंच नाही. एकदा फटीतून पिवळा थेंब गळला तो थेट त्याच्या कपाळावर. पुसला असता तर उठलं असतं. म्हणून तसाच वाळू दिला."

"त्याला ठाऊक आहे हे?"

"त्याने कधी विचारलं नाही."

नकाशावालाही खाली बसला. दुसऱ्या खळग्यावर त्याने हात ठेवला, आणि तो तिथून उचलवेना. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले.

"बंद व्हायची वेळ झाली," म्हातारा म्हणाला, पण उठला नाही. स्वयंपाकघरात सूनबाई कान देऊन उभी होती. आता 'त्याला सांग' येणार, म्हणून तिने पदराला हातही पुसले.

"आता आलाच आहेस," बाहेर म्हातारा म्हणाला, "तर तो नळ बघ. अजून गळतोय."