अंदाजाचं माप

शिवणकाम करणाऱ्या बाई तीन महिने चर्चकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजाविना गायनमंडळ लंगडं पडलं होतं. पण पाळकसाहेबांच्या मनाला लागून राहिलं होतं ते वेगळंच. मागच्या भेटीत त्यांनी बाईंना देवाची योजना समजावली, दोन वचनं वाचली आणि प्रार्थना करून ते मोकळे झाले. बाईंनी निमूटपणे त्यांना दारापर्यंत पोचवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने लेकीला सुट्टीसाठी म्हणून नेलं, ते परत आणलंच नाही. पत्ता बदलला, पत्रं परत आली. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती.

या खेपेला पाळकसाहेब रिकाम्या हातांनी गेले. बाईंनी सरळच विचारलं, "आज काय सांगायला आलात?"

"काही नाही. मागे नको तेवढं बोललो, ते मनाला खातंय. बसू का थोडा वेळ?"

टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं, कात्री शेजारी तशीच. पाळकसाहेबांच्या अगदी ओठांवर आलेलं वचन त्यांनी गिळलं. मग बाईच बोलू लागल्या. दर वाढदिवसाला त्या लेकीसाठी अंदाजाने फ्रॉक शिवत. कपाटात पाच टांगलेले होते. यंदाचं कापड मात्र महिनाभर पडून होतं.

"बारा पूर्ण होतील तिला. या वयात मुली भराभर वाढतात. माझ्या डोळ्यांपुढे ती अजून कमरेएवढीच येते. माप कुठून आणू, साहेब?"

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "ती चालायची कशी, ते सांगा ना."

चवड्यांवर चालायची, उंच दिसावं म्हणून. हात बापासारखे लांब, हट्ट आजीचा. बाई सांगता सांगता हसल्या, रडल्या, पुन्हा सांगू लागल्या. पाळकसाहेब ऐकत राहिले. इतका वेळ गप्प बसणं त्यांना कुठल्याही प्रवचनापेक्षा जड गेलं.

मग बाईंनी टेपचं टोक त्यांच्या हाती दिलं आणि भिंतीशी धरायला लावलं. वर, थोडं खाली, पुन्हा वर. खडूची रेघ ओढून त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या. रेघेखालच्या रिकाम्या जागेवरून त्यांनी हलकेच हात फिरवला, जणू केस सारखे करत होत्या. मग कात्री उचलली. शिवणीला माया मात्र चांगली चार बोटं ठेवली, लागलं तर उसवून वाढवायला.

रविवारी त्या आल्या नाहीत. पाळकसाहेबांनी कुणाकरवी निरोप धाडला नाही. आठवड्याने स्वतःच गेले. फ्रॉक जवळजवळ झाला होता, बाई काजं करत होत्या. बटणं कुठली लावणार, पाळकसाहेबांनी विचारलं.

"लाल," बाई पटकन म्हणाल्या. मग सुई तशीच धरून थांबल्या. "तेव्हा तरी तिला लालच आवडायची."