डावीकडची दारं

माझं डोकं लवकर तापतं, हे गॅरेजमधल्या पान्यांनाही ठाऊक आहे. तरी लग्नाला बावीस वर्षं झाली, सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या गाडीने तेही करून घेतलं.

गाडी आणली बायकोने. कुणाच्या तरी परसात वर्षानुवर्षं सडत पडलेली, ती ओढून थेट माझ्या दारात. लोक तिला बेडूक म्हणायचे. पुढून फुगलेली, मागून बसलेली, जरा चढ आला की धापा टाकणारी. अडीच वर्षांत कंपनीने बेडूक बंद केला आणि कामगारांना घरी बसवलं. त्यांत माझे सासरे होते. कारखान्यात बेडकाची दारं बसवायला दोघंच. उजवीकडे दुसरा एक जण, डावीकडे सासरे. पुढे त्यांनी शाळेत शिपायाची नोकरी केली, मुलीला शिकवलं, पण त्या गाडीबद्दल घरात कधी ब्र काढला नाही.

"लोक गाडीला हसायचे आणि बाबा मान खाली घालायचे," बायको म्हणाली. "एकदा तरी ती त्यांना नीट चालताना दाखवायचीय. होईल ना हो?"

"अगं, काहीही उचलून आणतेस!" मी खेकसलो आणि मुकाट गाडीखाली शिरलो. स्क्रूड्रायव्हर टोचला, तो तळाच्या पत्र्यातून आरपार. इंजिन जाम. सुटे भाग तर विचारूच नका. जिला गिऱ्हाईकच मिळालं नाही, तिचे भाग कोण जपून ठेवणार?

"जमणार नाही," मी सांगितलं.

"बाबांना बघू दे, मग ठरवू," ती म्हणाली. तिच्यापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

रविवारी सासरे आले. गाडी दिसताच दारातच थबकले. "ही कुठून उपटली?" मुलीने सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पार उतरला. "भंगारात घाला. जावईबापू, समजवा हो हिला."

मला काय, आयतीच साथ मिळाली. मी पाढा वाचायला घेतला. तळ गेला, इंजिन गेलं, सीट उंदरांनी खाल्ल्या. प्रत्येक वाक्याला सासरे मान डोलवत होते. मला आणखी चेव चढला. मागचं डावं दार उघडून मी आपटलं, ते खाली घासलं.

"आणि हे बघा! हे तर कंपनीतूनच वाकडं आलंय!"

बायकोने कपाळावर हात मारला. सासऱ्यांची मान थांबली.

"कंपनीतून?"

गप्प बसायचं सोडून मी ओरडलो, "मग काय! तीस वर्षं गाड्या खोलतोय, बाबा. मला शिकवू नका!"

सासऱ्यांनी पुढच्या डाव्या दाराच्या फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं. नख कुठेही अडलं नाही. मग मागच्या दाराशी आले. तिथे मध्यावर नख अडकलं.

"हे मी असं सोडलेलं नाही," ते म्हणाले. "कुणीतरी नंतर काढून बसवलंय. इथे मार लागला असणार. गाडी भिकार होती, मान्य. पण डावीकडचं एकही दार परत आलं नाही. तपासणीवाला माझी बाजू बघायचासुद्धा नाही, जावईबापू."

मी खणातलं लोहचुंबक काढलं. पुढच्या दाराला खटकन चिकटलं. मागच्या दाराला लावलं, खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. रंगाखाली बोटभर पुट्टी होती. गाडी कधीतरी ठोकलेली होती, आणि दोन दिवस तिच्याखाली लोळूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

"चुकलो, बाबा," मी म्हटलं. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त या माणसाचा अभिमान वाटला.

त्यांचं लक्षच नव्हतं. बाह्या वर सारून त्यांनी हात पुढे केला. "तेराचा पाना द्या. आणि दार खालून उचलून धरा."

मी धरलं.

"वर. अजून वर. अहो, वर म्हणतोय! जोर काय जेवायला गेलाय?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यावर डाफरले. बायको तोंडावर पदर धरून हसत होती. डोळे मात्र पाणावले होते तिचे. तासाभराने दार अलगद लागलं. त्यांनी पुन्हा नख फिरवलं. मग एक पाऊल मागे जाऊन सगळी गाडी न्याहाळली.

"तळाला नवा पत्रा घालता येईल?"

"येईल."

"इंजिन?"

"डोक्याला ताप आहे."

"पण होईल?"

"होईल," मी म्हटलं.

फडक्याला हात पुसत ते मुलीकडे वळले. "उद्यापासून माझा डबा इथेच आणत जा," ते म्हणाले. "साडेबाराला. आम्हाला काम असतं."