ट्रॉलीत फळी मावेना

माझा भाऊ सम्राट गिटार वाजवतो आणि मी गाते. गाण्याची पार्टी महेंद्रदादांची, श्रीरामपूरची. भीमगीतांच्या पार्टीत गिटार कशाला, असं विचारणारे शहाणे गावोगाव भेटतात. त्यांना मी तोंडावर सांगते, आमची गाणी कशावर वाजवायची ते आम्ही बघू, तुम्ही तुमच्या वरातीत काय वाजतं ते बघा. गिटारीबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती ती फळीबद्दल.

फळी म्हणजे मोडक्या दिवाणाचं प्लायवूड. त्यावर सम्राटनं प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून पेडलं बसवली होती. पेडल म्हणजे तंबाखूच्या डबीपेक्षा जरा मोठं लोखंडी खोकं, वर पायानं दाबायचं बटण. गिटारीचा आवाज एका खोक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सगळ्या सोयऱ्यांच्या घरी पाहुणचार घेत घेत स्पीकरपर्यंत पोचायचा. एक खोकं आवाज जाड करणारं, एक घुमवणारं, एक खर्जात नेणारं, एक थरथरवणारं, एक नुसतं वाँव वाँव करणारं. मोबाईलवर कुठल्या गोऱ्याच्या पायाखाली नवीन काही दिसलं की महिन्याभरात ते आमच्या फळीवर. बटणं अंगठ्याला नीट कळावीत म्हणून हा अनवाणी वाजवायचा. मान कायम खाली. लोकांनी त्याचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, भांग तेवढा पाहिला होता.

मागच्या कार्यक्रमात माझं अर्धं गाणं संपलं तरी गिटार मुकीच. सम्राट फळीवर पालथा पडून कुठली वायर निसटली ते हुडकत होता. कीबोर्डवाल्या अंगदनं हसत हसत एक बटण दाबलं आणि कीबोर्डातून गिटार काढली. प्लॅस्टिकच्या बादलीवर रबर ताणून वाजवावं तसा आवाज, पण वेळेवर आला. वेळेवर आलेल्या भंगारापुढं उशिरा आलेलं सोनं हरतं, हे मी स्टेजवर उभी राहून बघितलं.

महेंद्रदादांनी त्याच रात्री निकाल दिला. पुढच्या मिरवणुकीत चौकात भारतीचं, म्हणजे माझं, गाणं आहे, त्याची सुरुवात गिटारीवर आहे. ती सुरुवात वेळेवर आणि स्वच्छ आली तर सम्राट पार्टीत, नाहीतर तो तुकडा इथून पुढं अंगदचा. पार्टी सुटली तर त्याला मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवत बसावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आणि तरी हा बहाद्दर मिरवणुकीला फळी घेऊनच आला.

आमच्याकडं जयंती एका दिवसात उरकत नाही. चौदा एप्रिलला सगळीकडं एकदम मिरवणूक काढली तर पार्ट्या कुठून पुरायच्या? म्हणून गावं तारखा वाटून घेतात आणि मे निम्मा सरेपर्यंत जयंती चालते. तोवर कारखाने बंद झालेले असतात आणि उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या. त्याच आमचं स्टेज. देवळाली प्रवराच्या पुढच्या त्या गावात ऊन उतरताना आम्ही ट्रॉलीत चढलो. जनरेटर, स्पीकर, अंगदचा कीबोर्ड, ढोलकीवाले गहिनीनाथमामा, माईक धरून महेंद्रदादा, निळं लुगडं नेसून पिशवी मांडीवर घेतलेली आमची आई कलाबाई. आणि मधोमध फळी. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून सगळ्यांचे पाय फळीच्या कडेला.

गावात धड रस्ता नव्हता, पण गतिरोधक भरपूर होते. ज्याला वाटलं त्यानं आपल्या दारासमोर उंचवटा करून घेतलेला. एरवी त्यांच्या दारावरून उसाच्या गाड्या सुसाट जातात तेव्हा कुणाला काही वाटत नाही, आमची मिरवणूक मात्र हळू जावी अशी सगळ्यांची इच्छा. बंदोबस्ताला पोलीस एवढे, की त्यांनी नुसता ताल धरला असता तरी मिरवणूक दुप्पट दिसली असती.

पहिल्या उंचवट्यावर ट्रॉली उडाली आणि गहिनीनाथमामांची टाच वाँव वाँववर पडली. ऐन कडव्यात गिटार सर्दी झालेल्या पोरासारखी रडायला लागली. खाली नाचणाऱ्यांना ते मुद्दाम केलंय असं वाटलं, त्यांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या उंचवट्यावर अंगदचा पाय खर्जावर. गिटार अशी हंबरली की रस्त्याकडेच्या गोठ्यातल्या म्हशीनं ओ दिली. पुढचा उंचवटा येईपर्यंत दोघींचं बोलणं चाललं होतं. एक जाडजूड हवालदार तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं वळला. तिसऱ्या वेळी माझाच पाय पडला, घुमवणाऱ्या खोक्यावर. गाणं थांबलं, गिटार थांबेना. दादा माईकवर पाहुण्यांची नावं घेत होते आणि प्रत्येक नावामागून तीच ओळ टँव टँव करत परत येत होती, जणू पाहुण्याला खिजवतेय. मला हसू आवरेना. गाणारीला हसू आलं की संपलं, दम राहत नाही. दादांनी माझ्याकडं बघितलं, मग सम्राटकडं. अंगदनं आपल्या गिटारीच्या बटणावर बोट नेऊन ठेवलं.

सम्राट पांढरा पडला होता. त्या गोंधळात आई सरकत सरकत फळीपाशी आली. तिनं कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि पहिल्याच खोक्याला बोट लावलं.

"ह्ये काय करतं?"

आवाज थरथरवतं, सम्राट म्हणाला.

"मंग नसलं तरी चालतंय."

कट्. सुपारी फोडावी तशी पट्टी तुटली, खोकं पिशवीत भाकरीशेजारी. सम्राटनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण ट्रॉली परत उडाली आणि तो स्वतःच मामांच्या ढोलकीवर बसला. आई दुसऱ्या खोक्याचं विचारत होती. तो सांगायचा, ती ऐकून घ्यायची, आणि कट्. वाँव वाँव गेलं. खर्ज गेला, म्हशीचं नातं तुटलं. घुमवणाऱ्याची त्यानं गयावया केली. अगं, त्याच्यानं आवाज मोठ्या हॉलमध्ये असल्यासारखा येतो, म्हणाला. आईनं ट्रॉलीच्या चारी बाजूंना बघितलं. वर आभाळ, खाली उसाचं पाचट. कट्.

शेवटी फळीवर एकच राहिलं, आवाज जाड करणारं. आईनं अडकित्ता उचलला आणि परत खाली ठेवला.

"ह्ये ऱ्हाऊ दे. निळं हाय."

आवाजाचा काही संबंध नव्हता. निळं होतं म्हणून वाचलं. मी निळ्या खोक्याची पट्टी सोडवली आणि ती रिकामी फळी उचलून ट्रॉलीबाहेर दिली. खाली नाचणाऱ्या पोरींनी ती डोक्यावर धरली आणि नाचत पुढं नेली, मला वाटतं अजून त्याच गावात असेल. सम्राटनं गिटारीची वायर निळ्या खोक्यात घातली, खोक्याची मिक्सरला. दोनच वायरी. त्यानं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं कपडे चोरीला गेलेला माणूस विहिरीतून बघतो.

चौक समोर आला. चौकाच्या तोंडाला सगळ्यात मोठा उंचवटा होता. दादांनी माझ्या गाण्याची घोषणा केली, हात वर केला, सम्राटनं अनवाणी पाय निळ्या खोक्यावर टेकवला, आणि ट्रॉली चढली. सगळे पाय एकदम हवेत गेले. खाली आले तेव्हा बाकीच्यांचे ट्रॉलीच्या पत्र्यावर पडले, आणि महेंद्रदादांचा, चांगल्या खात्यापित्या माणसाचा बूट घातलेला पाय, सम्राटच्या पायावर. खोकं खट्कन दाबलं गेलं. दादांचा हात त्याच झटक्यात खाली आला होता.

सम्राटनं वाजवलं.

काय सांगू. वेळेवर, स्वच्छ, आणि एवढं भरदार की माझ्या मणक्यातून गेलं. पाय अडकल्यामुळं त्याला खाली वाकताच येईना, म्हणून मान वर. लोकांनी पहिल्यांदा त्याचं तोंड बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायका एकमेकींना सांगायला लागल्या, पोरगं किती मनापासून वाजवतंय बघा. दादांना पाय काढता येईना, कारण कीबोर्डचा स्टँड कलंडून त्यांच्या पाठीवर आला होता आणि अंगद दोन्ही हातांनी तो धरून उभा होता. त्याचं बोट बटणापासून कधीच लांब गेलं होतं. अख्खं गाणं दादा माझ्या भावाच्या पायावर उभे राहिले आणि मी हसत हसत असं गायले, जसं त्याआधी कधी गायले नव्हते. लोकांनी परत म्हणायला लावलं. परत म्हटलं. दादा तिथंच.

मिरवणूक संपल्यावर दादांनी पाय उचलला. खाली बघितलं. सम्राटच्या उजव्या पायाचा अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता. मग त्यांनी आपल्याच बुटाकडं बघितलं.

"उद्या बूट घालून ये," ते म्हणाले.

सम्राटकडं बूट नव्हतेच. कुणी काही बोलायच्या आत अंगदनं आपले काढून दिले. एक माप मोठे होते. डावा ढिला झाला, उजवा मात्र अगदी मापात बसला.