अकरा टाके

“सात दिवस! आठव्या दिवशी तुझा पाय तान्ह्या बाळासारखा नाही दिसला, तर भर बाजारात टक्कल करून फिरेन,” बुरूल आत्यानं जाहीर केलं आणि शिलाजीत मेंढीच्या शेपटाच्या चरबीत मळायला घेतलं.

सात दिवस मेदेरनं तो लेप गुडघ्यापासून घोट्यापर्यंत थापला. गावातली कुत्री त्याच्यामागून फिरायला लागली. आठव्या दिवशी पाय धुतला, तर सगळा पाय कडक चहाच्या रंगाचा झालेला आणि त्यावर टाक्यांचे व्रण पांढरेशुभ्र, पाटीवर खडूनं ओढल्यासारखे.

“रंग काय सुंदर आलाय बघ!” आत्या म्हणाली. टकलाचं नाव काढलं नाही.

मेदेरला मात्र हसू येईना. आज दुपारी त्याची आई ऐझिरेकच्या कानात झुमके घालणार होती. झुमके कानात गेले की लग्न पक्कं. पण ऐझिरेकची आई, जिपार एजे, म्हणजे जिपारताई, हिनं आधीच बजावलं होतं, “कोकबोरू खेळणारा जावई मला नको.” तिचा सख्खा भाऊ त्याच खेळात, घोड्यावर बसून बोकडाचं धड ओढता ओढता टापांखाली गेला होता. मेदेरनं खेळ वर्षापूर्वी पायाला टाके पडले तेव्हाच सोडला होता, खरोखर सोडला होता. पण जिपार एजेला त्यानं सांगितलं होतं की आपण कधी खेळलोच नाही. आणि त्यांच्याकडे पाहुण्याला जेवणाआधी वाफेच्या हमामात न्यायची पद्धत.

“घाबरतोस काय? हे लाव,” म्हणत आत्यानं सुनेची चेहऱ्याची क्रीम आणली आणि अख्खी बाटली त्याच्या नडगीवर रिकामी केली.

हमाम तापून लाल झाला होता. होणारे सासरे, तुराट अके, म्हणजे तुराटदादा, गुरांचे डॉक्टर, डोक्यावर लोकरी टोपी घालून वरच्या फळीवर बसले होते. मेदेर खालच्या फळीवर, क्रीम वितळू नये म्हणून दोन्ही पाय थंड पाण्याच्या बादलीत.

“पोरा, तू आंघोळीला आलायस का पाय भिजवायला?”

“वाफेनं मला चक्कर येते, अके.”

“माझ्या पोरीशी लग्न करणार आणि वाफेला घाबरणार? ये वर.”

मेदेर वर चढला आणि पंचा घोट्यापर्यंत ओढून घेतला. सासऱ्यांनी दगडांवर पाणी मारलं. वाफ अंगावर आली तशी क्रीम नडगीवरून सरकायला लागलेली त्याला कळली. एक थेंब फळीवर पडला. मग दुसरा.

“तुझा पाय वितळतोय,” सासरे म्हणाले.

“घाम आहे, अके.”

“तपकिरी?”

त्यांनी पंचा बाजूला केला आणि ओल्या फडक्यानं नडगी खसकन पुसली. मेदेरनं डोळे मिटले.

“कापणीच्या यंत्रात अडकला होता,” तो भरभर म्हणाला. “लहानपणी.”

सासऱ्यांचं बोट व्रणावरून हळूहळू खाली सरकत होतं. मोजत होतं.

“अकरा,” ते अगदी हळू म्हणाले. “बारावा घालायचा होता, दोरा संपला. म्हणून शेवटची गाठ आडवी मारली.”

मेदेरनं डोळे उघडले. त्या दिवशी मैदानात त्याच्या डोळ्यांत चिखल होता, तोंडात चिखल होता. कुणीतरी घोड्याच्या सुईनं पाय शिवत होतं आणि ओरडत होतं, ‘धरा रे ह्याला!’ आवाज हाच.

“तुम्ही होता?”

“मी नव्हतो! मी त्या दिवशी डोंगरावर मेंढ्यांना लस टोचत होतो.” सासऱ्यांनी दाराकडे बघून आवाज आणखी खाली आणला. “म्हणजे, घरी तसं सांगितलंय. मैदानाकडे फिरकायचं नाही अशी शपथ घातलीय तिनं मला.”

दोघंही घाम गाळत एकमेकांकडे बघत बसले. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागणार होतं, आणि ते सासऱ्यांच्याच गळ्याशी येणार होतं.

“आणि एवढ्या देखण्या टाक्यांवर हे काय फासलंस, गाढवा?” सासरे शेवटी फिस्कारले. “घोड्यालासुद्धा एवढं नीट शिवत नाही मी. ऐक आता. यंत्रात पाय अडकला, मी रस्त्यानं चाललो होतो, शिवून दिला. तू कोण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. लहानपणी-बिहानपणी काही नाही, व्रण ताजा आहे. कळलं?”

“कळलं, अके.”

ते बाहेरच्या खोलीत आले, तर जिपार एजे कोरडे पंचे घेऊन उभी. तिची नजर थेट मेदेरच्या नडगीवर गेली.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “हे टाके तुमचे. आपल्या लाल गाईच्या पोटावर अस्सेच आहेत.”

“हो ना! बिचारा यंत्रात सापडला होता. मी आपला रस्त्यानं चाललो होतो.”

“असं? मला बोलला नाहीत कधी.” तिनं पंचे खाली ठेवले. “कधीची गोष्ट?”

“मे महिन्यात,” मेदेर म्हणाला.

“ऑक्टोबरात,” सासरे म्हणाले. दोघं एकदमच बोलले.

जिपार एजे घरात गेली, तिथे मेदेरची आई झुमके घेऊन बसली होती. थोड्या वेळानं मेदेरची आई झुमक्यांची डबी तशीच परत पिशवीत घालून बाहेर आली आणि चपला शोधायला लागली.